नाव, व्यक्ती आणि चित्र : कासोरातीची 'सिल्वाना चेन्नी' आणि उद्योगपती ग्वालीनो

१. विषयाचे स्वरूप

व्यक्तिचित्र ह्या कलाप्रकाराचा विचार बहुधा साम्याच्या अंगाने होत आला आहे. चित्र मूळ व्यक्तीसारखे उतरले आहे की नाही, हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर चित्रकाराच्या कौशल्याची परीक्षा होते. परंतु व्यक्तिचित्रात साम्याइतकाच महत्त्वाचा असा दुसराही एक घटक असतो. मात्र तो रंगात नसून शब्दात असतो आणि चौकटीच्या आत नसून चौकटीखालच्या पट्टीवर असतो. तो घटक म्हणजे नाव. आपण मूळ व्यक्तीस कधी पाहिलेले नसते. तरीही 'हे अमक्याचे चित्र' असे वाचताच समोरचा चेहरा कोणत्या तरी एका, केवळ एकाच मनुष्याशी बांधला जातो. चित्र वर्णन करते आणि नाव निर्देश करते. ह्या दोहोंच्या संयोगाने व्यक्तिचित्र सिद्ध होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता असे समजा की चित्र उत्तम आहे, नाव व आडनाव दोन्ही दिलेली आहेत, परंतु त्या नावाची व्यक्तीच नाही. मग ते चित्र व्यक्तिचित्र ठरते काय? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्रातील कोडे नव्हे. इटालियन चित्रकार फेलीचे कासोराती ह्याने १९२२ साली रंगविलेल्या 'सिल्वाना चेन्नी' ह्या चित्राने तो प्रत्यक्ष उभा केला आहे. त्याच वर्षी त्याच चित्रकाराने रिकार्दो ग्वालीनो ह्या धनाढ्य उद्योगपतीचे चित्र काढले, की ज्याचे नाव त्या काळी उत्तर इटलीतील बाजारपेठेत सर्वतोमुखी होते. एका नावामागे कोणीच नाही आणि दुसऱ्यामागे कारखाने, बँका व जहाजे आहेत. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिल्यास नावाच्या सामर्थ्याविषयी काय हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असून कलासमीक्षक नव्हे. म्हणून ह्या विवेचनाची दिशा शब्दाकडून चित्राकडे अशी राहील.

२. चित्र

कासोरातीचा जन्म १८८३ साली नोवारा येथे झाला. तो कायद्याचा पदवीधर. तारुण्यात त्याचा ओढा संगीताकडेही होता. पादुआ, नेपल्स, व्हेरोना अशा मुक्कामांनंतर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो तुरीन येथे आला आणि १९६३ साली त्याच शहरी निवर्तला.

'सिल्वाना चेन्नी' हे चित्र कापडावर टेम्पेरा पद्धतीने, म्हणजे अंड्याचा बलक वगैरे द्रव्यांत कालविलेल्या रंगांनी, केलेले आहे. त्याची उंची २०५ सेंटिमीटर व रुंदी १०५ सेंटिमीटर. म्हणजे आकृती जवळजवळ मनुष्याच्या मापाचीच आहे. मध्यभागी शुभ्र वस्त्रातील एक स्त्री आपल्याकडे तोंड करून ताठ बसलेली आहे. तिच्या वस्त्राच्या चुण्या दगडात कोरल्यासारख्या खाली उतरतात. हात स्थिर आहेत. पापण्या खाली झुकलेल्या आहेत, त्यामुळे ती संपूर्णपणे आपल्यासमोर असूनही आपल्याकडे पाहत नाही. तिच्या आसपास पुस्तके व कागद पडलेले असून पाठीमागच्या उघड्या भागातून तुरीनमधील काप्पुच्चीनी टेकडी आणि तिच्यावरील चर्च दिसते.

पंधराव्या शतकातील प्येरो देल्ला फ्रान्चेस्का ह्या चित्रकाराचे स्मरण हे चित्र पाहताना झाल्यावाचून राहत नाही. सानसेपोल्क्रो येथील त्याच्या करुणामयी मातेच्या चित्रात अशीच समोरून दिसणारी, दोन्ही अंगे समतोल असलेली, झुकल्या पापण्यांची स्त्री आहे. कित्येक शतके काहीसा विस्मृतीत गेलेला हा चित्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन पंडितांच्या नजरेत पुन्हा भरला होता. रोबेर्तो लोंगी ह्याचा त्याच्यावरील निबंध १९१४ चा व ग्रंथ १९२७ चा आहे. युद्धाच्या विध्वंसानंतर अनेक चित्रकारांना गतीपेक्षा स्थैर्याची व घोषणेपेक्षा मौनाची गरज भासू लागली होती, आणि कासोराती हा त्यांपैकी एक होता.

ह्या प्रवृत्तीस जे नाव चिकटले त्याचा इतिहासही येथे ओझरता पाहण्याजोगा आहे. 'जादुई वास्तववाद' ही संज्ञा आपल्या विद्यार्थ्यांना लॅटिन अमेरिकेतील कादंबरीमुळे परिचित झालेली असते. परंतु तिचा प्रसार झाला तो चित्रकलेच्या चर्चेतून. जर्मन समीक्षक फ्रान्झ रो ह्याने १९२५ साली अभिव्यक्तिवादानंतरच्या चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात ती योजिली. १९२७ साली त्या ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर झाले आणि शब्द समुद्रापार गेला. इटलीत मास्सिमो बोन्तेम्पेल्ली ह्याने तो साहित्याच्या संदर्भात रुजविला. वस्तू अगदी स्पष्ट दिसावी आणि त्या स्पष्टतेमुळेच ती अपरिचित वाटावी, हा त्या संज्ञेचा मूळ अर्थ होय. 'सिल्वाना चेन्नी'ला तो तंतोतंत लागू पडतो. त्यात अद्भुत असे काहीच नाही. तरीही ते चित्र आपल्याला अस्वस्थ करते.

३. नावाचा विचार

ह्या अस्वस्थतेचे एक कारण दृश्य आहे. दुसरे, आणि माझ्या मते तितकेच बलवत्तर, कारण शाब्दिक आहे. सिल्वाना चेन्नी ह्या नावाची कोणी स्त्री चित्रकारासमोर बसली नव्हती. हे नाव कल्पित आहे.

विशेषनामाविषयी पाश्चात्त्य तर्कशास्त्रात दोन प्रमुख मते आहेत. मिलने १८४३ साली असे प्रतिपादन केले की, विशेषनाम म्हणजे निव्वळ खूण. ते व्यक्तीचा निर्देश करते, परंतु तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही. फ्रेगेने १८९२ साली निर्देश व आशय ह्यांत भेद केला आणि निर्देश नसलेल्या नावालाही आशय असू शकतो हे दाखविले. आपल्याकडील नैयायिकांनी 'शशशृंग', 'वंध्यापुत्र' अशा शब्दांचा जो ऊहापोह केला तोही ह्याच दिशेचा आहे. मात्र 'वंध्यापुत्र' ह्या शब्दातच विरोध उघड दिसतो. तो ऐकणारा फसत नाही. 'सिल्वाना चेन्नी' हे नाव ऐकणारा फसतो. ते एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर सहज शोभले असते.

नावाचा हा खेळ कासोरातीने येथे प्रथमच केला असे नव्हे. १९१२ सालचे त्याचे 'कुमारिका' हे चित्र आज व्हेनिसच्या का' पेझारो संग्रहालयात आहे. त्यात चार तरुणी उभ्या असून त्यांची नावे चित्रातच लिहिलेली आहेत : दोलोरेस, विओलान्ते, ब्यान्का, जोकोन्दा. दोलोरेस म्हणजे दुःखे, ब्यान्का म्हणजे शुभ्रा, जोकोन्दा म्हणजे प्रसन्ना. ही नावे अन्वर्थक आहेत. ती व्यक्तीचा निर्देश करण्याऐवजी स्वभावाचे वर्णन करतात, आणि म्हणूनच त्यांना आडनावाची गरज पडत नाही. जुन्या रूपकनाट्यातील पात्रांसारखी ती विशेषनामाच्या वेषातील विशेषणे होत.

दहा वर्षांनंतर कासोरातीने नेमके उलट केले. 'सिल्वाना चेन्नी' ह्या नावात आडनाव आहे, आणि आडनाव येताच रूपक मागे सरते व नोंदवहीतील माणूस पुढे येतो. तथापि हे नाव पूर्णपणे मुके आहे असेही म्हणता येत नाही. सिल्वाना हे नाव अरण्यवाचक लॅटिन शब्दापासून आलेले आहे. 'चेन्नी' हे इटालियनमध्ये 'चेन्नो' ह्या शब्दाचे अनेकवचन. त्याचा अर्थ खुणा, इशारे, सूचना. शिवाय हा ध्वनी जुन्या तोस्काना प्रांतातील चित्रकारांच्या नावांत वारंवार भेटतो. ज्याला आपण चिमाबूए म्हणून ओळखतो त्याचे खरे नाव चेन्नी दी पेपो. आणि टेम्पेरा पद्धतीचा पाठ देणारा, सुमाराने १४०० च्या आसपासचा, प्रसिद्ध हस्तग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव चेन्नीनो चेन्नीनी. टेम्पेरात रंगविलेल्या चित्रातील स्त्रीचे आडनाव चेन्नी असावे, ह्या गोष्टीचा अनुनाद इटालियन कानास जाणवल्याशिवाय राहणार नाही. हे विधान चित्रकाराच्या हेतूविषयी नसून शब्दाच्या सामर्थ्याविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. निर्देश नसलेले नाव रिकामे राहत नाही. भाषेतील जवळपासचे ध्वनी व स्मृती त्यात येऊन वस्ती करतात.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. चित्रातील टेकडी खरी आहे. तुरीनला जाणाऱ्या कोणासही ती आजही पाहता येते. पण चित्रात तिचे नाव लिहिलेले नाही. जी स्त्री कोठेही सापडणार नाही तिला मात्र नाव व आडनाव आहे. जे पडताळून पाहता येते ते अनाम ठेवावयाचे आणि जे पडताळता येत नाही त्यास नाव द्यावयाचे, ह्या अदलाबदलीने प्रेक्षकाचा विश्वास टेकडीकडून स्त्रीकडे सरकतो. ज्या चित्रात टेकडी खरी, त्यातील बाईही खरी असणार, असे आपण नकळत अनुमान करतो.

४. ज्या नावामागे भांडवल होते

आता दुसऱ्या नावाकडे वळू. रिकार्दो ग्वालीनो ह्याचा जन्म १८७९ साली ब्येल्ला येथे झाला. इमारती लाकूड व सिमेंट ह्यांच्या व्यापारात त्याने आरंभीचा जम बसविला. १९१७ साली त्याने जोव्हान्नी आन्येल्ली ह्याच्या साहाय्याने इटली-अमेरिका जलवाहतुकीची एक कंपनी स्थापिली. तिच्या इटालियन नावाची आद्याक्षरे जोडून 'स्निआ' हा शब्द तयार झाला. युद्ध संपले, जहाजांचा धंदा मंदावला आणि ग्वालीनोने भांडवल कृत्रिम रेशमाकडे वळविले. १९२२ साली कंपनीचे नाव 'स्निआ व्हिस्कोझा' असे झाले. ह्यात भाषाशास्त्रीय मौज अशी की, 'स्निआ' ही अक्षरे तशीच राहिली आणि त्यांचा विग्रह मात्र बदलला : ज्या 'न'मध्ये पूर्वी नौकानयन होते तेथे आता 'राष्ट्रीय' हा शब्द आला, आणि बाकीची अक्षरे उद्योगासाठी राबू लागली. बाजाराला नाव परिचित होते, पत नावाला होती. नावाखालची वस्तू बदलली तरी पत ढळली नाही.

ह्या संपत्तीतून ग्वालीनोने कलासंग्रह उभारला. तुरीन विद्यापीठातील कलेतिहासाचा प्राध्यापक लिओनेल्लो व्हेंतूरी हा त्याचा मार्गदर्शक होता. १९२६ साली त्याने ह्या संग्रहाची सूची प्रसिद्ध केली. बोत्तिचेल्लीच्या संप्रदायातील व्हीनसपासून मोदिल्यानीपर्यंत आणि पूर्वेकडील शिल्पांपर्यंत त्याचा आवाका होता. १९२५ साली ग्वालीनोने एका जुन्या नाट्यगृहाचे रूपांतर करून 'तेआत्रो दी तोरीनो' सुरू केले. आपल्या राहत्या घरातील लहानसे खाजगी नाट्यगृह सजविण्याचे काम त्याने कासोरातीकडे सोपविले व कासोरातीने ते वास्तुशिल्पी आल्बेर्तो सार्तोरिस ह्याच्यासमवेत पार पाडले.

ग्वालीनो कुटुंबातील तिघांची चित्रे कासोरातीने काढली : रिकार्दो व त्याची पत्नी चेझारीना ह्यांची १९२२ मध्ये आणि पुत्र रेनातो ह्याचे त्यानंतर लवकरच. 'सिल्वाना चेन्नी'तील स्तब्धता आणि जुन्या चित्रांची आठवण देणारा भारदस्तपणा ह्या चित्रांतही आहे. धनिकाने चित्रकाराला विकत घेतले आणि चित्रकाराने धनिकाला सरदार करून टाकले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. परंतु कासोरातीने जी वागणूक उद्योगपतीला दिली तीच, किंबहुना अधिक मोठ्या मापावर, अस्तित्वातच नसलेल्या एका स्त्रीलाही दिली. जिच्याकडून मोबदला मिळण्याची शक्यताच नाही तिला राणीचे आसन देणारा चित्रकार केवळ धनाचा भाट होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

ग्वालीनोच्या संग्रहातील मोदिल्यानीच्या एका चित्राचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचे ते चित्र २०१५ साली न्यूयॉर्क येथील लिलावात १७ कोटी ४ लाख डॉलरना विकले गेले. त्याचे शीर्षक केवळ 'पहुडलेली विवस्त्रा' एवढेच आहे. तेथे मॉडेल म्हणून खरी स्त्री होती, पण शीर्षकात तिचे नाव नाही. तिचे सामान्यनाम झाले. म्हणजे एकाच वर्तुळात नावाच्या तिन्ही अवस्था एकत्र आलेल्या दिसतात. ग्वालीनोच्या चित्रात व्यक्ती आहे आणि नावही आहे; मोदिल्यानीच्या चित्रात व्यक्ती आहे, नाव नाही; आणि कासोरातीच्या चित्रात नाव आहे, व्यक्ती नाही. पहिले प्रतिष्ठेचे चित्र, दुसरे देहाचे आणि तिसरे, योग्य शब्द योजावयाचा तर, अस्तित्वाचे.

५. नाव देणे आणि नाव न देणे

हा सर्व विचार कलादालनापुरता राहिला असता, तर तो पांडित्याचा विलास ठरला असता. परंतु १९२२ हेच वर्ष मुसोलिनीच्या सत्तारोहणाचे आहे, आणि त्यानंतरच्या इटलीत कोणाचे नाव कोठे लिहिले जाते ह्याला जीवनमरणाचे महत्त्व आले. कासोरातीचा तरुण मित्र प्येरो गोबेत्ती हा राजवटीचा कडवा विरोधक होता. १९२३ साली गोबेत्तीच्या मैत्रीमुळे कासोरातीस अटक होऊन थोडे दिवस कोठडीत राहावे लागले. त्याच वर्षी गोबेत्तीने कासोरातीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२६ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, गोबेत्ती पॅरिसमध्ये मरण पावला. ह्या अटकेनंतर कासोरातीने राजवटीशी उघड संघर्ष टाळला. तो शिकवीत व चित्रे काढीत राहिला आणि राजवटीच्या काळातील मोठ्या प्रदर्शनांतूनही त्याची चित्रे लागत राहिली. त्याला वीरपुरुष ठरविण्याचे कारण नाही, आणि त्याचे मौन म्हणजे संमती होती असेही ठरविण्याचे कारण नाही.

व्हेंतूरीने निराळा मार्ग पत्करला. १९३१ साली विद्यापीठातील प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचे फर्मान सुटले. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी जेमतेम बाराजणांनी नकार दिला. व्हेंतूरी त्यांपैकी एक होता. त्याची प्राध्यापकी गेली व त्याने देश सोडला. एका कागदावर आपले नाव लिहावयाचे नाही, एवढीच ही कृती होती. पण नावाचा अर्थ काय असतो हे तिने जितके स्पष्ट केले तितके आमच्या शास्त्रातील अनेक ग्रंथांनीही केलेले नाही.

ग्वालीनोच्या नावाची गत तर सर्वांत शिकवण देणारी आहे. १९२६ नंतर मुसोलिनीने लिराची किंमत चढविण्याचे, पौंडास सुमारे ९० लिरा ह्या मर्यादेवर आणण्याचे, धोरण अवलंबिले. निर्यातीवर अवलंबून असलेल्या कृत्रिम रेशमाच्या धंद्याला त्याचा जबर तडाखा बसला. जागतिक मंदी आली; १९३० च्या नोव्हेंबरात ग्वालीनोशी आर्थिक संबंध असलेली फ्रान्समधील उस्त्रिक बँक बुडाली. १९३१ च्या जानेवारीत ग्वालीनोला अटक झाली आणि त्याला लीपारी बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. त्याच्या संग्रहाचा काही भाग तुरीनच्या साबाउदा संग्रहालयात गेला, बराचसा कर्जापोटी बँक ऑफ इटलीकडे गेला व बाकीच्याची पांगापांग झाली. पुढे सुटका झाल्यावर त्याने १९३४ साली 'लुक्स' ही चित्रपटसंस्था काढली, आणि युद्धानंतर इटालियन चित्रपटास जे वैभव आले त्यात तिचा वाटा मोठा होता. १९६४ साली तो मरण पावला. जोझेप्पे पागानो व जीनो लेव्ही-मोन्ताल्चीनी ह्यांनी १९२८ ते १९३० ह्या काळात तुरीनमध्ये त्याच्या कचेऱ्यांसाठी बांधलेली इमारत आजही 'पालात्सो ग्वालीनो' ह्याच नावाने ओळखली जाते. मालक गेला, कचेऱ्या गेल्या. नाव दगडाला चिकटून राहिले.

६. समारोप

आरंभीचा प्रश्न असा होता की, ज्या नावामागे व्यक्ती नाही त्या नावाचे चित्र व्यक्तिचित्र ठरते काय? आता त्याचे उत्तर देता येईल. नावाचा निर्देश हा नावात बसलेला कायमचा गुण नव्हे. तो समाजाच्या व्यवहाराने, पत, कायदा व स्मृती ह्यांनी धरून ठेवलेला असतो आणि हा आधार सुटताच सुटतो. 'स्निआ'तील जहाजे पाच वर्षांत विरघळली. ग्वालीनोच्या नावाची पत एका हिवाळ्यात गेली. ज्यांना आपण भरीव नावे समजतो त्यांचा भरीवपणा असा उसना असतो. सिल्वाना चेन्नीला कोणी स्थानबद्ध करू शकले नाही, कारण निर्देश असा तिला मुळातच नव्हता. तिला जे अस्तित्व आहे ते एका मनुष्याने दुसऱ्या मनुष्याकडे किती एकाग्रतेने पाहावे ह्याच्या आदर्शातून आलेले आहे, आणि ते चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येकजण नव्याने मान्य करतो.

आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी ह्यावरून एक गोष्ट ध्यानी धरावी. कोशात व व्याकरणात विशेषनामांना आपण फारशी जागा देत नाही. त्यांना अर्थ नाही असे म्हणून त्यांची बोळवण करतो. वस्तुतः ज्या काळात नावे याद्यांत चढविली जात होती आणि शपथपत्रांवर मागितली जात होती, त्या काळात एका चित्रकाराने कोणत्याही यादीत सापडणार नाही असे एक नाव रचले, त्याला देह दिला आणि त्याच्या पापण्या खाली झुकविल्या. ते नाव वाचताना 'ही कोण?' असा प्रश्न आपल्या मनात येतो व अनुत्तरित राहतो. खऱ्या माणसांची नावे वाचतानाही हाच प्रश्न मनात यावयास हवा. परंतु तेथे उत्तर आपणास ठाऊक आहे अशा समजुतीने आपण तो विचारीतच नाही.